आठवी पिवळी टोपी

मी एक जुनं वाजणारं टेबल आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. कुणी माझ्याकडे पाहून गोड हसलं की मला वाटतं, आता हा मला आपटणार. बाळांना रिझवणाऱ्या खेळण्याला असला स्वभाव शोभतो का, असं तुम्ही म्हणाल. नाही शोभत. पण त्याला कारण आहे, आणि हाच स्वभाव एकदा मला तोंडावर पाडून गेला. तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून साच्यात ओतले आणि माझं गोल अंग तयार झालं. मग चार बुटके पाय आले, मधोमध एक ढोलकं आलं, कडेला फिरणारं दातेरी चाक आणि समोर आठ रंगीत पट्ट्या. पट्टी दाबली की सूर निघायचा. ढोलक्यावर थाप पडली की पोटातला स्पीकर म्हणायचा, "शाब्बास! पुन्हा वाजव!" एवढं एकच वाक्य मला बोलता येतं. अंगावरचे आठ स्क्रू उघडे दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर आठ पिवळ्या टोप्या बसवल्या होत्या, कोटाच्या बटणाएवढ्या. शेवटी तपासणाऱ्या बाईंनी अंगठ्याने एकेक पट्टी दाबली आणि माझ्या पोटावर 'ठीक' असा शिक्का मारला. मला केवढा आनंद झाला! पण शेजारच्या टेबलाचा एक पाय चक्क आखूड होता, आणि त्याच्याही पोटावर तोच शिक्का. जेवणाची सुट्टी होत आली होती ना! त्या दिवसापासून माझ्या मनात जी पाल चुकचुकायला लागली ती आजतागायत थांबलेली नाही.

दुकानात आम्ही तीन टेबलं शेजारी शेजारी उभी होतो. एक इतकं कर्कश वाजायचं की दुकानदारच त्याचं तोंड बंद करून ठेवायचा. दुसऱ्याचे दिवे सारखे लुकलुकायचे. तिसरा मी. येणारे-जाणारे आम्हाला टपल्या मारायचे आणि पुढे जायचे.

एका संध्याकाळी एक बाई आली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायची. तिच्या कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती. ही मुलगी सारखी हूं हूं करत गुणगुणायची, म्हणून घरात तिचं नाव भुंगी पडलं होतं. मागून बाईचे वडील आले, आबा. आबांनी तीस वर्षं इमारतींच्या लिफ्ट तपासल्या होत्या. नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक बारका स्क्रू ड्रायव्हर होता. तो बघूनच मी ओळखलं, हा माणूस मला उघडणार.

"ताई, हे घ्या. सगळ्यात मोठा आवाज याचाच," दुकानदार कर्कश टेबलाकडे बोट दाखवून म्हणाला.

"म्हणूनच नको," आबा म्हणाले. "तिचे कान आहेत ते, भोंगे नव्हेत."

लुकलुकणाऱ्या टेबलावर त्यांनी कोपर टेकवलं. ते लगेच कलंडलं. मग ते माझ्याकडे वळले. कोपर टेकवलं, मी हललो नाही. त्यांनी माझ्या कडांवरून बोट फिरवलं, बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे ना ते पाहिलं, आवाज कमी होतो का ते पाहिलं आणि नाक लावून चक्क माझा वास घेतला. शेवटी खिशातून पुठ्ठ्याची एक नळी काढली.

"या नळीतून जे आरपार जाईल, ते बाळाच्या घशात जाऊ शकतं," ते म्हणाले आणि माझे सुटे भाग कुठे निघतायत का ते ओढून बघायला लागले. टोप्याही त्यांनी नखाने ओढून पाहिल्या. एकही निघाली नाही.

"काका, टेबल घेताय की जावई?" दुकानदाराने विचारलं.

"जावई इतका तपासला असता तर आज घरी असता, जहाजावर नसता."

"आबा!" बाई ओरडली, पण हसलीही. तेवढ्यात भुंगीने वाकून माझ्या निळ्या पट्टीवर हात मारला, सूर निघाला आणि ती त्याच्या सुरात गुणगुणली. झालं! माझी निवड झाली. मला मात्र आनंदापेक्षा धाकधूकच जास्त होती. जो माणूस दुकानात इतकं तपासतो, तो घरी नेऊन काय करील?

घरी गेल्यावर मला कळलं की त्या घरात संशयी मी एकटाच नाही. बाईची रजा सोमवारी संपणार होती. आबा नुकतेच तिच्याकडे राहायला आले होते आणि भुंगीला दिवसभर मीच सांभाळणार म्हणून हटून बसले होते. बाईच्या मनात मात्र किंतु होता. आठवड्यापूर्वी आबांनी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि इमारतीच्या लिफ्टचा आवाज वेगळा येतोय म्हणून ते बाहेर जाऊन उभे राहिले होते. दूध उतू जाऊन, जळून, घरभर धूर झाला होता. तिने पाळणाघरात चौकशीही करून ठेवली होती.

"शनिवारी सकाळी मी बाहेर जाते," ती म्हणाली. "चार तास तुम्ही आणि ती. बघू कसं जमतं. मग सोमवारचं ठरवू."

"माझी परीक्षा घेतेस?"

"हो, घेते. तुम्ही टेबलाची घेतलीत ना?"

आबांनी ते मनाला लावून घेतलं. भुंगीसाठी त्यांचा जीव तीळतीळ तुटायचा. तिला पाळणाघरात ठेवायचं म्हणजे आपण अडगळीत गेलो, असं ते एकदा तिला मांडीवर घेऊन पुटपुटले होते. ते मी ऐकलं.

आणि म्हणूनच त्यांची रोजची तपासणी सुरू झाली. सकाळी उठलं की आधी माझ्यासमोर बसायचे, एकेक टोपी स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढायचे, स्क्रू आणखी पाव फेरा आवळायचे आणि टोपी अंगठ्याने दाबून बसवायचे. लिफ्टच्या बोल्टांची सवय! पण मित्रांनो, लोखंड आवळलं की घट्ट होतं आणि प्लॅस्टिक आवळलं की तडकतं. तिसऱ्या दिवशी ढोलक्याजवळच्या कोपऱ्यात मला कट् असं जाणवलं. टोपी धरून ठेवणारा दात मोडला होता. टोपी वरून जागच्या जागी दिसत होती, खाली तिला आधार नव्हता. हे फक्त मला माहीत होतं. मी ओरडून सांगणार तरी कसं? थाप पडली तर माझ्या तोंडून निघणार, "शाब्बास!"

शनिवारी बाई बाहेर गेली. दोन तास छान गेले. भुंगी मला धरून उभी राहायची, पट्ट्या बडवायची, धपकन बसायची आणि पुन्हा उठायची. आबा समोर मांडी घालून बसले होते. पाणी प्यायलादेखील उठले नाहीत. मग भुंगीने दोन्ही हातांनी ढोलक्यावर अशी काही थाप दिली की टोपी उडाली; त्या दणक्यात ती कुठे गेली ते मलाही कळलं नाही. भुंगी खोकली. एकदाच.

आबांची नजर माझ्यावर फिरली. मी त्यांना मोजताना पाहिलं. सात. पुन्हा मोजल्या. सातच. त्यांनी भुंगीचं तोंड उघडून पाहिलं, तिच्या छातीला कान लावला, तिला उचललं आणि आतल्या खोलीत गेले. मग दार उघडल्याचा आवाज आला, जिन्यावर पावलं वाजली आणि घर रिकामं झालं.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, पळाले. आता कुठून तरी तसलीच पिवळी टोपी पैदा करतील, माझ्यावर चिकटवतील, आणि बाई आली की म्हणतील, सगळं झकास. परीक्षा पास व्हायची होती ना त्यांना! मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोललो.

थोड्याच वेळात तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई वर आल्या. मागे भुंगीला घेऊन आबा, आणि त्यांच्यामागे धापा टाकत बाई. मला वाटलं, डॉक्टरीणबाईंनीच तिला बोलावून घेतलं असणार.

"श्वास चांगला चाललाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण खोकली म्हणताय, तर मोठ्या दवाखान्यात जायलाच हवं. मी गाडी बोलावली आहे. प्लॅस्टिक एक्स-रे फोटोत दिसेलच असं नाही. तुकडा सापडला नाही, तर कदाचित तिला भूल देऊन दुर्बिणीने आत बघावं लागेल. गाडी येईपर्यंत घर पिंजून काढा. तिला ताठ बसवा, रडू देऊ नका."

"भूल? एवढ्याशा जिवाला?" बाई म्हणाली. मग ती वेड्यासारखी शोधायला लागली. सतरंजी झटकली, पलंग ओढला, बुटांत हात घातले. आबा गुडघ्यांवर रांगत कोपरे चाचपत होते. धडपडीत कुणाचा तरी धक्का माझ्या ढोलक्याला लागला आणि मी म्हणालो, "शाब्बास! पुन्हा वाजव!" मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या आवाजाची शिसारी आली.

"आधी ते टेबल फेका कुणीतरी!" बाई किंचाळली.

त्या आवाजाने भुंगी रडायला लागली आणि माझ्याकडे हात पसरायला लागली. रडू द्यायचं नव्हतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला माझ्यासमोर धरलं. भुंगीने हुंदके देत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्ट्यांवरून हात ओढला.

"थांबा!" आबा ओरडले. "सगळे गप्प बसा."

तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. लिफ्टमध्ये डोळे मिटून उभं राहायचं आणि कुठला आवाज कमी झालाय ते ऐकायचं. त्यांनी एका बोटाने माझ्या पट्ट्या दाबल्या. पहिली वाजली. दुसरी, तिसरी, चौथी वाजली. पाचवी, निळी, मुकी. पुन्हा दाबली. ती खाली जातच नव्हती.

त्यांनी मला उलटं केलं आणि खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला. घाईत दोनदा तो निसटला. तळाचं झाकण निघालं. निळ्या पट्टीच्या खाली, फटीतून घरंगळलेली, पिवळी टोपी अडकून बसली होती.

बाईने ती हातात घेतली, ओठांना लावली आणि हमसून हमसून रडली. डॉक्टरीणबाईंनी आठही टोप्या मोजल्या, सापडलेल्या टोपीचा कुठे टवका उडालेला नाही ना ते पाहिलं, भुंगीची छाती पुन्हा एकदा तपासली आणि फोन करून गाडी परत पाठवली.

"त्या दुकानदाराला मी आजच जाऊन चांगलं फैलावर घेते," डोळे पुसत बाई म्हणाली. "असला फुटका माल विकतो! लहान मुलांच्या जिवाशी खेळ!"

आबा माझ्या उघड्या अंगाकडे बघत होते. मोडलेला दात त्यांना दिसला. त्याच्याभोवती आवळून आवळून पांढरी पडलेली चीरही दिसली. ती आम्हा दोघांनाच कळत होती. पुन्हा माझ्या मनाने उचल खाल्ली. आता हा माणूस गप्प बसणार. दुकानदार बदनाम झाला तर याचं काय जातंय? याची तर सोमवारची सोय झाली.

"दुकानदाराचा दोष नाही," आबा म्हणाले. "हे मी मोडलं. रोज आवळत होतो. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, आबांचं आता काही खरं नाही. आणि खरं सांगू का, आज ते खरंच ठरलं. सोमवारपासून पाळणाघराचंच बघ."

भुंगी आपली गुणगुणत होती.

"टोपी नाही हे तुम्हाला किती वाजता कळलं?" बाईने विचारलं.

"अकरा वाजून दहा मिनिटांनी."

"आणि मला फोन किती वाजता केलात?"

"आत जाऊन लगेच केला की. तिचा श्वास बघितला आणि तुला फोन लावला. मग खाली डॉक्टरांकडे धावलो."

तरीही तिने आपला फोन काढून पाहिला. संशयी लेक कुणाची! अकरा वाजून अकरा मिनिटं. मग तिने जमिनीवरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"सोमवारी साडेआठला निघेन मी," ती म्हणाली. "तिचं खाणं अकराला. स्क्रू ड्रायव्हर माझ्या कपाटात राहील."

आबांनी मान वळवली. मला मात्र त्यांचे डोळे दिसले. मी त्यांच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं! त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

दुकानदाराने माझं वरचं अंग बदलून दिलं, आणि पुढे भुंगी माझ्याच आधाराने पहिलं पाऊल टाकायला शिकली. मी किती कौतुकाने पाहत होतो! मग ती चालायला लागली, धावायला लागली आणि तिला माझी गरज उरली नाही. माझे पाय काढून मला पलंगाखाली सरकवलं. बॅटऱ्या आतच राहिल्या, त्या फुटल्या आणि माझे दोन सूर कायमचे गेले. वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

पुढे आबांनी मला पुसून, पाय बसवून डॉक्टरीणबाईंना देऊन टाकलं. हल्ली मी तळमजल्यावर त्यांच्या दवाखान्यात असतो, बाकांच्या मध्ये. आजारी मुलं मला बडवतात आणि मी उरलेल्या सहा सुरांनी त्यांना रिझवतो. इथे येणारे आईबाप घाबरलेले असतात. त्यांना विचारलं जातं, काय गिळलं, कधी गिळलं, आणि पुष्कळदा कुणालाच माहीत नसतं. परवा एक मोठी बहीण अर्धा तास खाली मान घालून माझं चाक फिरवत बसली होती. शेवटी ती उठली, डॉक्टरीणबाईंच्या कानाशी गेली आणि म्हणाली, "मणी माझ्या माळेचा होता. माळ मीच तोडली." बाकीचं सगळं मग भराभर झालं, आणि तिचा धाकटा भाऊ हसत घरी गेला.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमच्या बॅटऱ्या वेळेवर काढा, आम्हाला आपटू नका, हे तर आहेच. पण तुमच्या हातून आमचं काही मोडलं, आणि घरात कुणी रांगणारं असेल, तर तुकडा लपवू नका. शोधत बसण्याआधी धावत जा आणि सांगा. घरचे रागावतील. रागावू देत. राग संध्याकाळपर्यंत जातो.