सोनलचे आकार

कुरुळीच्या जिल्हा परिषद शाळेत वर्षाराणी दुसरीला शिकवायची. आकारांचा धडा आला की पुस्तक बाजूला ठेवायची. मुलांचे वडील शिफ्ट सुटल्यावर कंपनीतले टाकाऊ पुठ्ठे आणून द्यायचे. त्यांचे घन, शंकू, वृत्तचिती करून ती पोरांच्या हातात द्यायची.

“मॅडम, ह्यो शंकू न्हाई, इदूषकाची टोपी हाय,” गवरी म्हणाली आणि वर्ग हसला.

वर्षाराणीही हसली; पण तिला सोनल आठवली. तिची मुलगी, तीही दुसरीतच. परभणीला बापाजवळ राहायची, इंग्रजी शाळेत जायची. निरंजनचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान तिथं, आणि हिची बदली काही होत नव्हती. म्हणून प्रत्येक आकार ती दोनदा करायची. एक वर्गासाठी, एक सोनलसाठी.

जोडून सुट्टी आली तशी ती पिशवीभर आकार घेऊन निघाली. दाबले जातील म्हणून अख्ख्या प्रवासात तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

सोनलनं सगळे आकार फरशीवर मांडले.

“हा बघ, शंकू,” वर्षाराणी सांगू लागली.

“शंकू नाही आई, कोन. टीचरनं केव्हाच शिकवलं.”

“तिचं झालंय ते सगळं,” निरंजन हळूच म्हणाला. “तुला सांगायचं राहून गेलं.”

वर्षाराणीनं हातातला शंकू खाली ठेवला. जे शिकवायला जीव आसुसला होता, ते कुणीतरी शिकवूनही टाकलं होतं.

सोनल मात्र घन उलटापालटा करून बघत होती. “पण हे केलंस कसं? टीचरनं नुसती चित्रं दाखवली.”

मग दोघी जुनं खोकं घेऊन बसल्या. सोनलनं कापलं वाकडंतिकडं. घडी घातल्यावर एक बाजू उघडीच राहिली.

“उद्या नीट करू,” डोळे चोळत ती म्हणाली.

उद्या तर परत निघायचं होतं. वर्षाराणीनं ओट्यापाशी जाऊन मुख्याध्यापक दादासाहेबांना फोन लावला. “सर, सुट्टीला जोडून एक दिवस रजा मिळेल का?”

“घ्या. वर्ग मी बघतो. लेकीजवळ थांबा.”

दुसऱ्या दिवशी घन बरोबर जमला. डिंक लावून कड दाबून धरायची होती. सोनलच्या इवल्या बोटांवर वर्षाराणीनं आपली बोटं ठेवली.

“वाळलं का गं?” सोनलनं विचारलं.

“नाही अजून,” वर्षाराणी म्हणाली.

कड केव्हाच पक्की बसली होती.