शनिवारची एस्कोल्ता

मुलीचा पाय चोलेंगच्या मांडीवर होता आणि बूट काही केल्या चढत नव्हता.

"अर्धा नंबर मोठा बघू या का?" चोलेंगने विचारलं.

"हाच तिचा नंबर आहे," मुलीची आई म्हणाली. "तुम्ही नीट घालून बघा ना, मावशी."

चोलेंगने नीट घालून बघितला. सव्वीस वर्षं ती एस्कोल्ता रस्त्यावरच्या या दुकानात बायकांच्या पायांत बूट चढवत होती. उजवा गुडघा गालिच्यावर, डावी मांडी आडवी, हातात बूट चढवायची पितळी पट्टी. संध्याकाळी घोटे सुजायचे. घरी तोंदोला पोचल्यावर ती पाय मिठाच्या पाण्यात सोडून बसायची आणि नवऱ्याला एवढंच सांगायची, की आज फार उभं राहावं लागलं. गुडघ्याबद्दल ती कधी बोलली नव्हती. अन्सेल्मोच्या डोळ्यांपुढे काचेच्या काउंटरमागे इस्त्रीच्या गणवेशात उभी असलेली बायको होती. गोदीतल्या आपल्या बरोबरच्या हमालांना तो तसं सांगायचाही. ते चित्र मोडायची वेळ आली नाही, कारण तो इकडे फिरकतच नसे. एस्कोल्तावर चपला घालून कोणी जात नाही, म्हणायचा, आणि त्याच्याकडे चपलाच होत्या.

बूट कसाबसा चढवून, बक्कल लावून तिने मान वर केली, तेव्हा अन्सेल्मो काचेबाहेर उभा होता.

मुलाच्या लग्नात घातलेला पांढरा बारोंग सदरा अंगात, पायांत काळे बूट, आणि हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे दोन्ही बाजूंना लोंबत होते. शनिवारची गर्दी त्याला वळसा घालून जात होती. मांडलेल्या बुटांकडे तो बघतच नव्हता. बुटांवरून, आत, तिच्याकडे बघत होता.

चोलेंगला उठता आलं असतं. पण मांडीवर पाय होता. तिने दुसरं बक्कल लावलं, मुलीला आरशापुढे चालून दाखवायला सांगितलं आणि पुन्हा बघितलं, तर काचेबाहेर कोणी नव्हतं.

दुपारभर तिच्या हातून चुका झाल्या. एका डब्यात दोन डावे बूट गेले, तेव्हा देखरेखीच्या बाईंनी घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. चोलेंग हो म्हणाली. तो कधीच तोंदोला परतला असेल, तोंड फिरवून झोपला असेल, असं ती धरून चालली होती. पण दुकान बंद करून ती बाहेर आली, तर पलीकडच्या सिनेमाच्या फलकाखाली तो तसाच उभा.

"चल, जरा फिरू," तो म्हणाला.

चोलेंगला फक्त बसायचं होतं. ती त्याच्याबरोबर चालू लागली.

घड्याळांचं दुकान, अत्तरांचं दुकान, आइस्क्रीम खात उंच स्टुलांवर बसलेली पोरं. अन्सेल्मो सगळं थांबून थांबून बघत होता. महायुद्धानंतर इथले पडलेल्या इमारतींचे ढिगारे उपसायला तो मजुरांच्या टोळीबरोबर आला होता. तेव्हा रस्ता म्हणावा असं काही नव्हतंच. विटा इथपर्यंत होत्या, त्याने छातीला हात लावून दाखवलं. पूर्वीएवढी गर्दी आता उरली नाही, ऐपतवाले मकाती भागातल्या नव्या दुकानांकडे वळलेत, हे तिने त्याला सांगितलं नाही. त्याला ही गर्दीच पुष्कळ वाटत होती.

बरंच पुढे गेल्यावर त्याने विचारलं, "रोज असंच?"

"बूट पायात घालायचे तर खाली बसावंच लागतं."

"मी सगळ्यांना काउंटर सांगत आलो."

"काउंटरवर पण असते मी. पावती करायला."

चालताना तो डावा पाय ओढत होता. बूट शेजारच्या तिबोचे, एका नंबरने लहान. टाच सोलली असणार, हे तिला बघताक्षणी कळलं. मागची बाजू दाबून चपलेसारखे घाल, असं ती म्हणाली. इथे नको, तो म्हणाला.

मग समोर बघत, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं त्याने सांगितलं.

"गोदीवर सोमवारपासून येऊ नको म्हणाले. नवी यंत्रं आलीत. एक यंत्र बाराजणांचं ओझं उचलतं."

"सगळ्या बाराजणांना सांगितलं?"

"पन्नाशीच्या पुढच्यांना आधी." थोडं चालून तो म्हणाला, "घरी येऊन बसलो. म्हटलं, शनिवार आहे. तुझी ती एस्कोल्ता एकदा बघून तरी घ्यावी."

चोलेंगने त्याचा हात धरला नाही. रस्त्यात हात धरायची त्यांची रीत नव्हती. ती फक्त त्याच्या ओढत्या पायाच्या चालीने चालू लागली.

सांताक्रुझच्या चर्चपाशी रस्ता संपला. तोंदोला जाणारी जीपनी गाडी लागलेली होती, आत दोन जागा रिकाम्या होत्या. चोलेंगचे घोटे लाकडासारखे झाले होते. तिने पिशवी सावरून पायरीवर पाय ठेवला.

"चोलेंग," मागून तो म्हणाला, "त्या बाजूची दुकानं बघायची राहिली."

तिने मागे वळून बघितलं. तो रस्त्याकडे तोंड करून, बारोंग खाली ओढून सारखा करत उभा होता.

ती पायरीवरून उतरली. जीपनी निघून गेली. पलीकडच्या बाजूचे दिवे एकेक करून लागत होते, आणि दोघं हळूहळू परत चालू लागली. लोक दोन्ही बाजूंनी त्यांना मागे टाकून पुढे जात होते.