गंधालीचं तिसरं कडवं

आमचं पहिलं गाणं पहिल्या वर्षात दोन हजार तीनशे वेळा ऐकलं गेलं, आणि त्यातलं निदान सहाशे वेळा मीच ऐकलं होतं. उरलेल्यांत गंधालीची आई, माझ्या स्टुडिओतले दोन सहकारी आणि कॅनडातला कुणीतरी एक भला माणूस. बँड म्हणजे आम्ही दोघंच. गंधाली शब्द लिहायची आणि गायची, बाकीचं सगळं मी सिंथेसायझरवर वाजवायचो. नाव ठेवलं ‘दुपारपाळी’, कारण मुलुंड पूर्वेच्या तिच्या घरात शनिवारी दुपारीच काय ते रेकॉर्डिंग करता यायचं. तिची आई, कुंदाकाकू, तेव्हा बँकेत असायच्या आणि बाबा ती कॉलेजात असतानाच गेले होते. आवाज घुमू नये म्हणून गंधाली काकूंच्या साड्यांच्या कपाटात डोकं खुपसून गायची. बाहेर आली की केसांना डांबरगोळ्यांचा वास.

गाण्याचं नाव ‘अजून पाच मिनिटं’. सोसायटीच्या गेटपाशी उभी असलेली एक मुलगी, तिला घरी जायचंय आणि जायचं नाहीये, एवढीच गोष्ट.

‘आई आली खिडकीपाशी, दिवा लागला जिन्यात,
चप्पल शोधते म्हणते मी, चप्पल माझ्या पायात.’

असं लिहायची ती. अशी दोनच कडवी. मी तिसरं मागत होतो, तर म्हणाली, “पाच मिनिटांच्या गोष्टीला किती कडवी लागतात रे, देव्या?”

माझं नाव देवव्रत. नोकरी गोरेगावला, मालिकांचे संवाद साफ करण्याची. म्हणजे पंख्याची घरघर काढायची, बांगड्यांचा आवाज काढायचा, आणि नटनट्यांचे श्वास कापायचे. दिवसभर मी लोकांचे श्वास कापतो. गंधाली सुरेल होती, पण श्वास भलत्याच जागी घ्यायची. ‘मिनि’ म्हणून थांबायची, श्वास घ्यायची, मग ‘टं’. तो एक श्वास मी कधीच कापला नाही. प्रेमात माणूस धंद्याचे नियम मोडतो, दुसरं काय! आमचं लग्न ठरल्यातच जमा होतं.

मग तिच्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालं. ती गाठ काढणं भागच होतं, आणि आवाजाच्या नसेला धोका आहे हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तो धोका आमच्या वाट्याला आला. गंधाली शुद्धीवर आली आणि तिने पाणी मागितलं, ते मला ओठांवरून कळलं. वर्षभर वाट बघा म्हणाले. वर्षभरात आवाज परतला तो एवढाच, की शेजारी बसलेल्याला ऐकू जावा. घोगरा, अर्धा वाऱ्याचा. गाणं तर सोडाच, रिक्षावाल्याला हाक मारता यायची नाही.

आणि नेमकं तेव्हा गाणं चालायला लागलं! माझा अजूनही संताप होतो. घाटकोपरच्या धवल नावाच्या एका डीजेने मेसेज केला, गरब्यासाठी रिमिक्स करायचंय, गायिकेच्या आवाजाचा सुटा ट्रॅक पाठव. गंधालीला विचारलं तर तिने खांदे उडवले. पाठवला. त्या पठ्ठ्याने दोन्ही कडवी फेकून दिली, चाल जवळजवळ दीडपट पळवली, आणि ठेवलं काय, तर ‘अजून पाच मिनिटं, पाच मिनिटं, पाच मिनिटं’. नवरात्रात दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम. ह्याने बोरिवलीच्या मैदानावर बरोबर पाच कमी दहाला ते लावलं, आणि तीन हजार माणसं पोलिसांकडे बघून एका सुरात ओरडली, अजून पाच मिनिटं! तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. पुढच्या दोन दिवसांत सगळ्या मैदानांवर शेवटचं गाणं आमचं. नंतर चंद्रप्रकाश म्हणून एकाने बेंजो घालून हळदीचं व्हर्जन काढलं. मग कुणी जिमसाठी केलं. प्रत्येकात तिचा आवाज आणखी पळवलेला, घासूनपुसून सपाट केलेला. श्वास अर्थातच गेलेला.

गंधालीला भाजीबाजारात मुली ओळखायच्या. “ताई, एकदा म्हणा ना!” ही तिच्या घोगऱ्या आवाजात काहीतरी बोलायची. मग त्या विचारायच्या, सर्दी झालीय का? पुढे पुढे ती ‘हो’ म्हणून मोकळी व्हायला लागली, आणि मग बाजारातच जाईना. मी दर रविवारी जायचो. नवीन रिमिक्स ऐकवायचो, त्याला शिव्या घालायचो, आणि मूळ गाण्यात ती कशी गायली होती ते परत परत सांगायचो. मला वाटायचं, मी तिला धीर देतोय.

गेल्या मे महिन्यात एका म्युझिक कंपनीचा फोन आला. लग्नसराईसाठी मोठं रिमिक्स काढायचं, पण गाणं फार तोकडं आहे, एक नवीन कडवं हवं. मी म्हटलं, गायिका गाऊ शकत नाही. तिकडून अगदी सहज उत्तर आलं, “मग शीतलकडून गाऊन घेऊ ना, ती कुणाचाही आवाज काढते.” माझं डोकंच फिरलं. गंधालीच्या गाण्यात दुसरी कोण? नाही म्हणजे नाही. मी म्हटलं, पंधरा दिवस द्या, गंधालीच गाईल.

घरी आलो आणि तिचे सगळे सुटे ट्रॅक लॅपटॉपवर काढले. गाणी, तालीम, मधली बडबड, शिंका, सगळं. आजकाल यंत्राला एवढं दिलं की ते त्या माणसाच्या आवाजात काहीही गातं. कडवं मी लिहिलं. यंत्राने ते पहिल्या फटक्यात सुरात गायलं, अगदी गुळगुळीत, आणि ती गंधाली नव्हती. मग मी बसलो. तेरा दिवस. वरच्या सुराला ती किंचित खाली राहायची, तेवढं खाली आणलं. ‘श’ जरा दातांतून यायचा, तो आणला. आणि शेवटी जुन्या ट्रॅकमधून तिचे श्वास एकेक उचलून भलत्याच जागी ठेवले. आयुष्यभर श्वास कापणारा मी, श्वास पेरत बसलो होतो. शेवटचा श्वास बसला आणि मी कीबोर्डवर डोकं ठेवून रडलो, इतकी ती समोर उभी राहिली.

तिला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. मी त्याला सरप्राइज असं नाव दिलं.

रविवारी सकाळी लॅपटॉप आणि छोटा स्पीकर घेऊन गेलो. काकू आता निवृत्त झाल्या होत्या. स्वयंपाकघरात थालीपिठाची भाजणी भिजवत होत्या. गंधाली हॉलमध्ये सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. “परत रिमिक्स?” तिने विचारलं. मी म्हटलं, “तू फक्त ऐक.” आणि लावलं.

पहिली ओळ झाली. गंधालीने स्पीकरकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली, आणि मला म्हणाली, “हे मी कधी गायले?” क्षणभर तिला खरंच वाटलं होतं, की गायली असेल आणि विसरली असेल. मग तिचा चेहरा उतरला. तिला कळलं. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून पातेलं पडल्याचा आवाज आला.

काकू धावत बाहेर आल्या, कोपरापर्यंत पीठ. “गंधे! आला? आला ना गं आवाज?” गाण्याची दोन्ही कडवी काकूंना पाठ होती. हे त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं, म्हणजे हे नवीन होतं, म्हणजे गंधाली आत्ता कुठेतरी जाऊन गाऊन आली होती. “कधी गायलीस? मला बोललीसुद्धा नाहीस! दोघांनी मिळून गंमत करता होय रे म्हातारीची?” त्यांनी तिला त्या पिठाच्या हातांनीच घट्ट मिठी मारली. त्या हसत होत्या, रडत होत्या, तिचे केस, गाल, सगळं पीठ पीठ झालं. स्पीकर चालूच होता. मला बंद करायचंही सुचलं नाही.

“आई,” गंधाली म्हणाली, “मी नाही ते.”

“काय मी नाही? माझ्या पोरीचा आवाज मला कळत नाही? तो श्वास बघ की, तस्साच!”

“आई, ह्याने केलंय. मशीनवर.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणावं म्हणून पाहत होत्या. “देवव्रत? मस्करी करतेय ना रे ही?”

“मशीन आहे, काकू,” मी म्हटलं.

गंधालीच्या गालावरचं पीठ त्यांनी पदराने पुसलं, हळूहळू, दोन्ही बाजूंनी, आणि आत गेल्या. आतून नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो चालूच राहिला.

मी सॉरी म्हटलं. कंपनी, शीतल, पंधरा दिवस, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि मला ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागलं, “दीड वर्षं ती मला रोज सकाळी सा लावायला सांगत होती. रोज. गेल्या महिन्यात मी तिला बसवून सांगितलं, की नाही येणार आता. दोन दिवस जेवली नाही. आत्ता कुठे तिने मान्य केलं होतं, देव्या. आत्ता कुठे. आता परत पहिल्यापासून सांगायचं मी तिला.”

“मला माहीत नव्हतं गं.”

“तू विचारलंस कधी? दर रविवारी येतोस आणि त्या गाणारीबद्दल बोलतोस. मी इथेच बसलेली असते.” ती थांबली. तिला मधेच थांबावं लागतं, आवाज पुरत नाही. “हे करायच्या आधी मला का नाही विचारलंस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“मग?”

ती म्हणाली, पूस. मी तिच्यासमोर लॅपटॉप उघडून कडवं पुसलं, यंत्राला शिकवलेला तिचा आवाज पुसला, फोनमधलं, ऑनलाइन ठेवलेलं, सगळं. कंपनीला नाही म्हणून कळवलं, तेही तिला दाखवलं. तिने नीट वाचलं. मग म्हणाली, “आता नको येऊस. रागाने नाही सांगत. मला ह्या आवाजात राहायचंय, आणि तुझ्यासमोर मला ते जमत नाही.” मी तिचा हात धरायला गेलो, तर तिने तो शांतपणे सोडवून घेतला आणि तिच्या खोलीत गेली.

मी चपला घालत होतो तेव्हा काकू दारापाशी आल्या. हात धुतलेले, डोळे लाल. आत एकदा बघून घेतलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “मला तेवढं पाठवशील का रे फोनवर? तिला नको कळू दे. मी दार लावून ऐकेन.”

“पुसलं, काकू.”

“सगळं?”

“सगळं.”

त्यांनी मान हलवली. बरं झालं, असंही म्हणाल्या. दार लावायला घेतलं आणि परत उघडलं. “शेवटची ओळ काय होती रे? मी तिला धरून होते, त्यात ऐकायची राहून गेली.”

मी जिन्यात उभा होतो. मला गाता येत नाही. मी नुसती सांगितली.

‘थांबव घड्याळ सजणा, जन्म इथेच सरू दे.’

काकूंनी ती मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिली. मग त्यांच्या चेहऱ्यावर होतं-नव्हतं तेही मावळलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “असलं तिने कधीच लिहिलं नसतं.” आणि आवाज होऊ न देता दार लावून घेतलं.