तेरा ऑगस्टचा चौकोन

मित्रांनो, माझे वर्ष संपून गेले आहे. मी भिंतीवरचे एक जुने कॅलेंडर आहे. माझ्याकडे बघून आता कुणाला एकादशी कळणार नाही की सुट्टी कळणार नाही. तरी परळच्या एका दोन खोल्यांच्या घरात मी अजून खिळ्यावर आहे. ते का, एवढेच मला सांगायचे आहे.

छापखान्यात माझ्यासारखी हजारो छापली गेली. वर पत्र्याची पट्टी ठोकली, गुंडाळी करून रबर लावले. नायगावच्या एका वाण्याने मला मीनाक्षीबाईंच्या सामानात फुकट टाकले. त्यांनी दुकानातच मला उलगडून पाहिले.

"चित्र कसलंही असू दे," त्या म्हणाल्या, "चौकोन मोठे आहेत ना?"

चौकोन मोठे होते. त्यांत त्या रोज लिहायच्या. दुधाच्या पिशव्या किती, गॅस कधी लावला, कामाला येणाऱ्या सुंदराबाईंनी कधी दांडी मारली, बंगलोरहून लेकीचा, इरावतीचा, फोन कधी आला. अक्षर बारीक आणि उजवीकडे झुकलेले. त्यांचे यजमान रघुवीरराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले होते. एकतीस वर्षे त्यांनी लोकांची बिले तपासली होती. ते मला 'हिचा हेडक्लार्क' म्हणायचे. मला त्याचा अभिमान वाटे.

फेब्रुवारीपासून माझ्या चौकोनांत कोर्टाच्या तारखा आल्या. जूनपासून 'केमो' हा शब्द आला.

कोर्टाचे असे होते. ही भाड्याची जागा मीनाक्षीबाईंच्या वडिलांची. त्यांच्यानंतर भाडेपावती मीनाक्षीबाईंच्या नावावर झाली. घरमालकाचे म्हणणे, बाईंनंतर जागा आमची, जावयाचा इथे काय संबंध? रघुवीरराव या घरात चौतीस वर्षे राहत होते, पण त्यांचे नाव एकाही कागदावर नव्हते. म्हणून भोईवाड्याचे वकील मनमोहन वेलकर यांच्याकडे काम दिले.

बारा ऑक्टोबरनंतर माझे चौकोन कोरे आहेत. एकवीस ऑक्टोबरला मीनाक्षीबाई गेल्या. तो चौकोनही कोराच आहे.

डिसेंबरात घरमालकाने माघार घेतली आणि जागा रघुवीररावांच्या नावावर झाली. जानेवारीत वाण्याने नवे कॅलेंडर दिले. ते त्यांनी सुंदराबाईंना देऊन टाकले. त्याच आठवड्यात वकिलांचे बिल आले.

रघुवीररावांनी मला खिळ्यावरून काढले, टेबलावर पसरले आणि लाल पेन्सिल घेऊन एकेक तारीख ताडून पाहिली. पेन्सिल तीन ओळींवर थांबली. तिसऱ्या ओळीवर टोक मोडले. तिथे लिहिले होते, 'तेरा ऑगस्ट. श्रीमती मीनाक्षी यांच्याशी चर्चा, दीड तास.'

त्यांनी इरावतीला फोन लावला. "त्या दिवशी तुझ्या आईच्या हाताला सुई लावलेली होती. मी तिथे होतो. आता ती नाही सांगायला, म्हणून तिच्या नावावर दीड तास लावलाय."

"बाबा, देऊन टाका ना. भांडू नका, बीपी वाढेल."

"भांडत नाही, तपासतोय. पैसे गेले तरी चालतील. तिच्या नावावर खोटं मी राहू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी कापडी पिशवीतून मी भोईवाड्याला गेले. खिळ्यावर लागल्यापासून पहिल्यांदाच मी घराबाहेर पडले होते.

वेलकर वकिलांचे ऑफिस कोर्टाच्या समोर होते. रघुवीररावांनी मला त्यांच्या कागदांवरच पसरले.

"वकीलसाहेब, सतरा सप्टेंबरला तुम्ही कोर्टात हजर होतात असं बिलात आहे. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लालबाग-परळला मुंगीला वाट नव्हती. कोर्टात काय गणपती उभा होता?"

वकिलांनी चष्मा लावला. "टायपिंगची चूक झाली असेल. काढतो."

"आणि हा प्रवासखर्च? रस्ता ओलांडायचे पैसे घेता?"

कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांची ज्युनिअर ऋग्वेदा बसली होती. तिने मान खाली घालून हसू दाबले. "हा पण काढतो," वकील म्हणाले. "अजून काही?"

रघुवीररावांनी माझ्या तेरा ऑगस्टवर बोट ठेवले. "हे बघा तिचं अक्षर. केमो. आठ वाजल्यापासून आम्ही हॉस्पिटलात होतो. तुमची चर्चा कुठे झाली?"

"त्याच चौकोनात खाली अजून एक ओळ आहे, रघुवीरराव."

"मला पाठ आहे ती. 'ह्यांना कॉटन ग्रीनला पाठवणे.' तिथे तिची मावसबहीण राहते, बेबी. तिच्याकडून मिक्सरचं भांडं आणायला मला..." ते थांबले.

"किती वाजता गेलात?"

"अकराला."

"आणि परत?"

"दीडला."

मित्रांनो, मला ते आधीपासून ठाऊक होते. त्या सकाळी ती ओळ लिहून मीनाक्षीबाई हातात पेन घेऊन कितीतरी वेळ माझ्यासमोर उभ्या होत्या. पण कॅलेंडरला बोलता येत नाही. रघुवीररावांनी मला त्यांचा साक्षीदार म्हणून आणले, आणि मी साक्ष दिली ती त्यांच्याविरुद्ध.

"काकूंनीच बोलावलं होतं," ऋग्वेदा हळूच म्हणाली. "सर आणि मी हॉस्पिटलात गेलो होतो. माझ्याकडे टिपण आहे."

"वाचा."

तिने वही काढली. "'यजमानांना कोर्टात उभं करू नये. ते खरं बोलतील, पण चिडून बोलतील.'"

रघुवीरराव हसल्यासारखे झाले. "बरोबर आहे तिचं."

"'विजेचं बिल आणि गॅसचं पुस्तक त्यांच्या नावावर करून घ्यावं. ते चौतीस वर्षं याच घरात माझ्याबरोबर राहतात असं माझं प्रतिज्ञापत्र करावं.' त्यावर त्यांनी त्याच दिवशी सही केली, काका. घरमालकाने माघार घेतली ती त्या कागदामुळे."

"पुढे?"

"'यजमानांना यातलं काही सांगू नये. माझ्यानंतरचं बोललं की ते ताटावरून उठतात.'" तिने वही मिटली. "बस, एवढंच आहे."

"ताई, मी जन्मभर बिलं तपासली. तुम्ही वाचलंत ते पाच मिनिटांचं. बिल दीड तासाचं आहे. पुढचं वाचा."

तिने वकिलांकडे पाहिले आणि वही पुन्हा उघडली. "'दहा मिनिटं अशील बोलू शकल्या नाहीत. रडत होत्या.'"

वेलकर वकिलांनी बिल पुढे ओढले आणि पेनाचे टोपण काढले. "ही ओळच मी काढून टाकतो. त्याचे पैसे लावायला नको होते."

रघुवीररावांनी बिलावर हात ठेवला. "नको. आधीच्या दोन काढा. ही राहू द्या."

"अहो, पण..."

"चौतीस वर्षांत ती माझ्यासमोर एकदाही रडली नाही. ती रडली होती याची माझ्याकडे तेवढी एकच पावती आहे."

त्यांनी तिथेच चेक लिहिला. दाराशी वळून ऋग्वेदाला विचारले, "तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?"

"मी होते काका. हात धरला होता."

"बरं केलंत," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी मला परत खिळ्यावर लावले आणि ऑगस्टचे पान वर ठेवले. मग इरावतीला फोन करून सगळे सांगितले. ती पलीकडे रडत होती. ते रडले नाहीत. म्हणाले, "दीडला परत आलो ना, तेव्हा मी तिच्यावर चिडलो होतो गं. बेबीकडे भांडं नव्हतंच. म्हटलं, चिखलातून उगाच हेलपाटा घालायला लावलास. ती म्हणाली, चुकलं माझं. डोळे लाल होते तिचे. मी म्हटलं, तुझी बरी झोप झालेली दिसते."

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी कागद आहे, रद्दीत गेले तरी चालेल. माझ्यावर लिहिणारी जी कुणी तुमच्या घरात असेल, तिला जपा. तिने कधी तुम्हाला उगाच वाटणाऱ्या कामाला लांब पाठवले, तर कुरकुर न करता जा. आणि परत आलात की आधी तिच्या तोंडाकडे नीट बघा. भांडे मिळाले नाही, हे मागाहून सांगितले तरी चालते.