बडतर्फ जमादाराचं बक्कल

मी एक बक्कल आहे. पोलिसाच्या कमरपट्ट्याचं, पितळी, वजनदार. आपली बाजू मांडायचा मला हक्क आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण जे घडलं ते माझ्याइतकं जवळून कोणीच पाहिलेलं नाही, म्हणून धीर करून बोलतो.

एका साच्यातून माझ्यासारखी हजारभर बक्कलं निघाली. कुणी शाळेच्या फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या शिपायाच्या कमरेला गेलं, कुणी बँडवाल्याच्या. माझ्या वाट्याला हा आला. तेव्हा तो जमादार नव्हता, नुकता भरती झालेला कोवळा शिपाई होता. आरशासमोर त्याने मला तीनदा लावलं आणि तीनदा काढलं. त्याची आई म्हणाली, "पुरे रे, आजच झिजवून टाकशील." तो लाजून हसला. त्या हसण्यावर मी भाळलो, हे कबूल करायला हवं.

पट्टा कमरेतून सर्रकन ओढायची खोड त्याला कधी लागली, ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं. सुरुवातीला नुसता धाक दाखवायला. मग एका हातगाडीवाल्याच्या पाठीवर. मग एका विद्यार्थ्याच्या तोंडावर, मग एका हमालाच्या कानावर. तीन तक्रारी झाल्या. पहिलीत तडजोड झाली, दुसरीतला विद्यार्थी गाव सोडून गेला आणि तिसरीवर 'समज दिली' असा शेरा पडला. दर वेळी तो मला रुमालाने पुसायचा आणि मी पुन्हा चकाकायचो. चकाकणं माझ्या हातात नव्हतं, असं मी स्वतःला सांगतो. खरं असेलही.

मग तो शिंपी आला. चौकीमागच्या गल्लीत त्याचं दुकान, घरी फक्त थोरली बहीण. सायकल चोरीला गेल्याची तक्रार द्यायला तो दोनदा येऊन गेला होता आणि जमादाराने दोन्ही वेळा "उद्या या" म्हणून वाटेला लावलं होतं. तिसऱ्यांदा शिंपी म्हणाला, "साहेब, तुमचा उद्या कधी उगवतो तेवढं तरी लिहून द्या."

चौकीतले पाचही शिपाई खो खो हसले. ते हसले नसते तर? हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

मी हवेतून गेलो आणि शिंप्याच्या उजव्या डोळ्यावर बसलो. तो डोळा परत आला नाही.

जमादार निलंबित झाला. मला कापडात गुंडाळून, लाखेची मोहर लावून कपाटात ठेवलं. अंधार होता, पण खरं सांगतो, बरं वाटलं. कमर नव्हती, हात नव्हता.

चौकशीच्या वेळी मला मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवत. पाचही शिपायांनी एकच जबाब दिला, की आमची तिकडे पाठ होती.

"पाचांचीही?" साहेब म्हणाले. "मग त्या चौकीत तोंड कुणाचं होतं?"

जमादाराच्या बाजूने बोलणाऱ्याने शिंप्याला विचारलं, "तुम्हाला एकाच डोळ्याने दिसतं. मारणारा हाच, हे ओळखलंत कसं?"

शिंपी शांतपणे म्हणाला, "तेव्हा दोन होते."

साहेबांनी बडतर्फीचा आदेश लिहवला. सही करताना थांबले आणि स्वतःच्या हाताने एक वाक्य वाढवलं: 'याआधीही तीन वेळा याने हेच केले आहे, म्हणून हा खात्यात राहण्यास लायक नाही.'

कारकून चाचरत म्हणाला, "साहेब, हे तीन प्रसंग आरोपपत्रात नाहीत."

"खरे आहेत ना?"

"खरे आहेत, पण..."

"मग राहू द्या."

भल्या माणसाने भलेपणाने लिहिलेल्या त्या एका ओळीने सगळ्यावर पाणी फिरवलं. जमादार अपिलात गेला. निकाल आला: ज्या गोष्टींबद्दल माणसाला विचारलंच नाही, त्या धरून त्याला शिक्षा देता येत नाही. आदेश रद्द. कामावर घ्या. हवं तर त्या तीन प्रसंगांची नोटीस देऊन, त्याचं ऐकून, तीन महिन्यांत नव्याने ठरवा.

हा निकाल चूक, असं मला म्हणवत नाही. उद्या हाच नियम एखाद्या निरपराध शिपायाला वाचवेल. पण तो माणूस चौथ्यांदा मारून सुटला, तो आधी तीनदा मारल्यामुळे! याचं काय करायचं, ते मला कळत नाही.

माझी मोहर फोडली. त्याचं पोट सुटलं होतं. मला ओढून बसवताना तो म्हणाला, "चल रे, सुट्टी संपली." मी रुतलो तो रुतलोच.

मोठे साहेब निवृत्त झाले आहेत. जमादार नजरेसमोर राहावा म्हणून नव्या साहेबांनी त्याला आपल्याच दाराबाहेर बसवलं आहे. हेतू चांगला असेल. पण आता आत कोणी जायचं, हे जमादार ठरवतो.

शिंप्याची बहीण आज चौथ्यांदा आली.

"साहेबांना वेळ नाही, ताई. अर्ज द्या, मी पोचवतो."

"तुझ्याविरुद्धचा अर्ज तुझ्याच हातात देऊ?"

"नियम आहे. टपाल मीच घेतो."

"मागचे तीन कुठे गेले?"

"पोचले की!" तो म्हणाला. ते तिन्ही त्याच्या खणात आहेत. खण माझ्यापासून वीतभर अंतरावर आहे.

तिने अर्ज घडी करून पिशवीत ठेवला आणि समोरच्या बाकावर बसली. "भाऊ दुकानाबाहेर पडत नाही रे," ती म्हणाली. "तुझी वर्दी दिसली की सुई खाली पडते त्याच्या हातातून. तू ती उतरवेपर्यंत मी येत राहणार." जमादार पेपर वाचत राहिला.

नव्याने ठरवायला निकालाने दिलेल्या तीन महिन्यांतले एकोणीस दिवस उरले आहेत. साहेबांना ते ठाऊक नसावं. तुमच्यापैकी कुणाला त्या दारातून आत जायला मिळालं, तर एवढं सांगा: बाहेर बाकावर एक बाई बसली आहे, तिला बोलवा. आणि या वेळी ते तीन प्रसंग आधी नोटिशीत लिहा, मग आदेशात. मीच सांगितलं असतं. पण मी दार अडवून बसलेल्या माणसाच्या कमरेला आहे.