उलटी पट्टी

ताईने बुरशी वाढवायची डिश खिडकीच्या उजेडात धरली आणि कडेच्या चिकटपट्टीचं टोक नखाने चाचपलं. पट्टी परत उलटी गुंडाळलेली. ताईची नेहमी उजवीकडे जायची. लॅबमध्ये डावखुरा एकच होता, आणि त्याला सगळे डावऱ्याच म्हणायचे.

आतली बुरशी समुद्रगवताच्या पात्यातून काढलेली. गवत जिवंत असेपर्यंत त्याची राखण करायची, मेलं की त्याचं खत करायची. औषधांना दाद न देणारे जंतू या बुरशीच्या रसाने मेले, तेव्हापासून ताईला धड झोप नव्हती. बाकीच्या डिश सुकून गेल्या. ही एकच तग धरून होती. ही गेली की काम बंद.

सकाळीच ती सरांना सांगून आली होती, "डावऱ्या माझी बुरशी चोरतोय. पट्टी बघा, कळेल."

"जेवण झालं की येतो," सर म्हणाले होते.

जेवायला म्हणून ताई डबा घेऊन निघाली आणि अर्ध्या वाटेवरून मांजराच्या पावलांनी परतली. डिश उघडी. डावऱ्याच्या हातात चिमटा.

"सापडलास! कुणाला विकतोस?"

"हळू बोला ताई, थुंकी उडेल आत. आणि बुरशी कोण विकत घेतंय? माझी आई फुकट फेकते."

चिमट्यात समुद्रगवताचा बारीक तुकडा होता, उकळून घेतलेला. डावऱ्याने तो बुरशीच्या दुलईखाली अलगद सारला.

"तुम्ही हिला सासरी सगळं दिलंत, माहेरचं मात्र काहीच ठेवलं नाहीत. झुरत होती बिचारी."

ताईने झाकण लावून डिश उलटी करून पाहिली. तळाचे काळपट ठिपके ती इतके दिवस रोग समजत होती. ते गवताचेच तुकडे होते. प्रत्येक ठिपक्याभोवती पांढरे धागे दाट माजले होते.

"मला सांगायचंस ना."

"सांगायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, डिशला हात लावलास तर तोडून ठेवीन."

म्हणाली होती खरी.

जिन्यात सरांच्या चपला वाजल्या. डावऱ्या घाईघाईने पट्टी लावायला लागला. ताईने ती त्याच्या हातातून ओढून घेतली.

सरांनी डिश गरागरा फिरवून पाहिली.

"ही तर सुलटीच आहे की."

"हो सर," ताई म्हणाली. "मीच गुंडाळलीय."