म्हशीमार्फत बसवलेले ब्रेक

सकाळपासून धाकटा जीपखाली उताणा पडून एका नटाशी भांडत होता, आणि थोरला भाऊ समोरच्या ओट्यावर बसून त्याची मजा बघत होता. अंगण दोघांचं एकच, कडेला गोठा. बोलणं मात्र गेल्या पावसाळ्यापासून बंद.

जीप बापाच्या काळातली. वाटणीत ती धाकट्याकडे आली आणि म्हैस गोठ्यासकट थोरल्याकडे गेली. मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी गंजून गंजून परवा उतारावर फुटली, तेव्हा धाकट्यानं बांधाला घासत घासत जीप कशीबशी थांबवली होती. आता सगळ्याच नळ्या बदलायच्या होत्या. नव्या नळ्या बाटलीवर वाकवून तयार होत्या, पण जुन्या नळीचा शेवटचा नट काही हलायला मागत नव्हता. डिझेल ओतून झालं, हातोडीनं ठोकून झालं. पाना घसरला आणि बोटाची साल तेवढी निघाली.

"म्हशे," थोरला गोठ्याकडे तोंड करून म्हणाला, "गंजलेला नट आधी जरासा आवळायचा असतो, मग सोडायचा. एवढंही कळत नाही काही जणांना."

म्हैस निवांत रवंथ करत होती. भावाशी बोलायचं नाही अशी थोरल्यानं शपथ घेतली होती, पण टोमणे मारल्याशिवाय त्याला जेवण पचत नव्हतं, म्हणून मधे म्हैस घातली होती. धाकटाही त्याच माळेचा मणी.

"म्हशे, ज्यानं जन्मात सायकलचं पंक्चर काढलं नाही, त्यानं जीपमध्ये नाक खुपसू नये म्हणावं."

थोरल्याच्या त्या बसण्याचीच धाकट्याला सगळ्यात जास्त चीड होती. मांडीवर मांडी, दातात काडी, जगाचं सगळं काम दुसऱ्यांनी करायचं. आईच्या खोलीचं छप्पर गळायला लागलं तेव्हाही तो असाच बसला होता. खोली दोघांच्या घरांमधली. थोरला म्हणाला, धाकट्याची बाजू गळतेय. धाकटा म्हणाला, पाणी थोरल्याच्या बाजूनं येतंय. शेवटी दोघं मिळून करू असं ठरलं, म्हणजे कुणीच केलं नाही. थोरल्यानं त्याच आठवड्यात गोठ्यावर मात्र नवे पत्रे टाकले. आई गळक्या छपराखाली पातेली मांडत बसली, आणि एका सकाळी पेटी उचलून उताराखाली लेकीकडे निघून गेली.

आता तिचा निरोप आला होता. लेकीच्या घरी किती दिवस राहू, न्यायला या. जो येईल त्याच्याकडे राहीन. पण जीप घेऊन या, चढ चढायला गुडघ्यांत जीव नाही.

जीप धाकट्याची, म्हणजे आई धाकट्याची. आईला कोण सांभाळतं हे सगळ्या गावानं बघायला हवं होतं, थोरल्यानं तर बघायलाच हवं होतं. फक्त हा नट सुटायला हवा होता.

थोरला पाणी प्यायला आत गेला. धाकट्यानं हळूच पाना लावून नट जरासा आवळला, मग उलटा फिरवला. कट् आवाज झाला आणि नट निमूट सुटला. थोरला बाहेर येऊन बघतो तर जुनी नळी खाली पडलेली.

"म्हशे, सुटला वाटतं. कुणाचं तरी ऐकलेलं दिसतंय."

"म्हशे, डिझेल मुरलं म्हणून सुटला."

नव्या नळ्या बसल्या, पण नळीत हवा राहिली की पेडल नुसतं खाली जातं आणि चाक थांबत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी पडून हवा काढायचं निपल सैल सोडायचं आणि हवा गेली की आवळायचं. धाकट्याची बायको रानात गेली होती. त्यानं पेडलला काठीचा टेकू लावून बघितला, पण निपल सोडताच पेडल खाली गेलं आणि काठी पडली. दुसऱ्यांदाही पडली.

ओट्यावरून खाकरल्याचा आवाज आला. "म्हशे, एका पायाची गरज पडलीय वाटतं. पाय आहे. पण पायाबरोबर माणूस येतो, आणि आईला आणायला जाताना तो माणूस पुढच्या सीटवर बसतो."

धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आयतोबा नुसता पाय देऊन निम्मी आई घेऊन जाणार. पण ऊन कलायला लागलं होतं.

"म्हशे, सांग त्याला," तो म्हणाला, "पाय धुऊन ये म्हणावं."

मग सुरू झालं.

"म्हशे, दाब म्हणावं."

"दाबलंय म्हणावं."

"धर म्हणावं."

"धरलंय म्हणावं."

म्हशीनं थोडा वेळ दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि नाद सोडला. निपलाला नळीनं जोडलेल्या बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडबुडे येत होते. मधेच थोरल्यानं न सांगता पाय उचलला आणि निघालेली हवा परत आत गेली.

"म्हशे, विचार त्याला, सोड म्हणून कोण म्हणालं होतं?"

"म्हशे, मुंगी चावली."

"अख्ख्या जीपमध्ये मुंगीला हाच पाय बरा सापडला."

पुन्हा त्याच चाकापासून सुरुवात करावी लागली. पण शेवटी पेडल खाली न जाता वरच घट्ट झालं. थोरल्यानं अंगावरची धूळ अशी झटकली की जणू जीप त्यानंच घडवली.

दोघं उतारानं निघाले. म्हैस मागे राहिल्यामुळे जीपमध्ये कुणी बोलेना. जिथं परवा बांधाला घासायला लागलं होतं, त्या वळणावर धाकट्यानं ब्रेक दाबला आणि जीप शहाण्यासारखी थांबली. त्याची छाती फुगली. बाजूला बघतो तर थोरल्याचीही फुगलेली. त्या छातीचा त्याला मनापासून तिटकारा आला.

आई लेकीच्या दारात तयारच होती. लेकीनं पेटी मागे चढवली. आईनं पिशवी सीटवर ठेवली, एक हात जीपच्या दांडीला घातला आणि थबकली.

"ब्रेक फुटले होते ना हिचे?"

"सगळं नवीन बसवलंय," धाकटा म्हणाला.

"कुणी?"

धाकटा 'मी' म्हणणार, तेवढ्यात थोरल्यानं घाई केली. "दोघांनी मिळून."

आईनं पिशवी परत उचलली.

"छप्परही दोघं मिळूनच करणार होतात," ती म्हणाली आणि चालायला लागली.

"आई, चढ आहे. तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. त्यांची वाटणी झालेली नाही अजून. आणि ज्याचं छप्पर गळत नाही त्याच्याकडे राहीन मी. सध्या तसं एकट्या म्हशीचंच आहे."

लेक दारात पदर तोंडाला लावून हसत होती. धाकट्यानं जीप वळवली आणि आईच्या मागून न्यायला लागला. आई दर दहा पावलांनी गुडघ्यावर हात ठेवत होती, पण थांबत नव्हती. थोरल्यानं उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. बोलायला म्हैस नव्हती.

"पहिला गिअर टाक," तो शेवटी म्हणाला.

"टाकलाय."

"फार जवळ नेऊ नकोस तिच्या."

"कळतंय मला." धाकट्यानं जीप आणखी हळू केली. "गोठ्याचे पत्रे कुठून आणले होतेस?"

"सांगतो. आधी ब्रेक दाब, ती थांबलीय."

आई ऐन चढात दम खायला उभी राहिली होती. धाकट्यानं ब्रेक दाबला. जीप जागच्या जागी थांबली, बोटभरही मागे सरकली नाही. दोघांनी एकदमच आईकडे बघितलं.

तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.